शहामृगाची मान आणि माझी चूक

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मुले व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी "शहामृग" असे सांगितले. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते हळूच म्हणाले, "बाई, दरवर्षी संतसाहित्यावर असतं ना आपल्याकडे?" मी म्हटले, दरवर्षी असते म्हणूनच यंदा शहामृग. शिवाय मला एक जुने कर्ज फेडायचे आहे. ते कोणते, ते आधी सांगते.

मी या भोपाळ शहरात तीस वर्षे विज्ञान शिकवले. शाळा हिंदी माध्यमाची. सहावीच्या वर्गात पक्ष्यांचा धडा चालू होता. मी सांगत होते की संकट आले की शहामृग वाळूत मान खुपसतो, आपल्याला शत्रू दिसत नाही म्हणजे शत्रूलाही आपण दिसत नाही असे त्याला वाटते. मुले हसली. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, फिर वह साँस कैसे लेता है?"

प्रश्न अगदी रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी काय केले? "पुस्तकात लिहिले आहे ते नीट ऐक, मध्ये मध्ये बोलू नकोस," असे म्हणून तिला खाली बसवले. ती बसली. नंतर वर्षभर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या वेळी माझ्या ते लक्षातही आले नाही. निवृत्त झाल्यावर नातवाला चित्रांचे पुस्तक वाचून दाखवताना त्यानेही नेमके हेच विचारले, "आजी, नाकात वाळू नाही जात?" तेव्हा ती तिसऱ्या बाकावरची मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. मग मी शहामृगाबद्दल मिळेल ते वाचायला बसले. आज बोलणार आहे ते त्या वाचनातून आलेले.

आधी नावापासून सुरुवात करू. शहामृग म्हटले की मराठी मुलाला हरीण आठवते. या पक्ष्याचा हरणाशी काही संबंध नाही. इथे हिंदीत त्याला शुतुरमुर्ग म्हणतात, तो फारसी शब्द आहे. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. उंटपक्षी. त्याच्या शास्त्रीय नावातही, स्ट्रुथिओ कॅमेलस यातही, उंटच आहे. लांब मान, लांब पाय, लांब पापण्या आणि ओसाड प्रदेशातली वस्ती पाहून फारसी बोलणाऱ्यांना आणि ग्रीकांना एकाच प्राण्याची आठवण झाली, ही गंमत आहे.

आज पृथ्वीवर जिवंत असलेल्या पक्ष्यांत हा सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर अडीच मीटरच्या आसपास उंच, म्हणजे आपल्या या मांडवाच्या कापडाला त्याचे डोके लागेल. वजन शंभर ते दीडशे किलोच्या दरम्यान. नराचा अंगरखा काळा, त्याला पंखांची आणि शेपटीची टोके पांढरीशुभ्र. मादी राखी-तपकिरी. हा रंगाचा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. आफ्रिकेच्या सोमालिया, इथिओपिया, केनिया या भागात निळसर मानेचा आणि निळसर पायांचा शहामृग आढळतो. त्याला पूर्वी याच जातीचा एक प्रकार मानत, २०१४ पासून पक्षिशास्त्रज्ञांच्या जागतिक यादीत त्याला स्वतंत्र जात म्हणून जागा मिळाली आहे.

मध्यंतरी आपल्याकडे इमू पाळण्याची मोठी लाट आली होती. तेव्हा पुष्कळ लोक इमूलाच शहामृग म्हणत. इमू ऑस्ट्रेलियाचा, शहामृग आफ्रिकेचा. ओळखायची सोपी खूण म्हणजे पायाची बोटे मोजा. इमूला तीन, शहामृगाला फक्त दोन. सगळ्या पक्षिजगतात दोन बोटांचा हा एकटाच. त्यातले आतले बोट जाड, आणि त्यावर जवळजवळ दहा सेंटिमीटर लांबीची नखी. घोड्याला जसा खूर, तसे हे बोट. धावणाऱ्याचा पाय जमिनीला जितका कमी टेकेल तितके त्याला सोयीचे.

आणि धावतो किती? ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत. उसेन बोल्टने २००९ साली शंभर मीटरचा विक्रम केला, तेव्हा त्याचा सर्वांत जास्त वेग ताशी पंचेचाळीसच्या आत होता, तोही काही सेकंदांपुरता. शहामृग ताशी पन्नासच्या वेगाने बराच वेळ धावू शकतो. एकेक ढांग तीन ते पाच मीटरची. मुलांनो, त्याचे चित्र पाहताना त्याचा गुडघा मागच्या बाजूला वाकतो असे वाटते. तो गुडघा नव्हेच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांच्या आत झाकलेला असतो. म्हणजे शहामृग आयुष्यभर चवड्यांवर चालतो.

पंख आहेत, पण उडता येत नाही. त्याच्या पिसांना बारीक आकडे नसतात. कावळ्याचे पीस बोटात धरून ओढले तर त्याचे तंतू एकमेकांना चिकटून राहतात, कारण त्या आकड्यांनी ते गुंतलेले असतात. शहामृगाचे पीस मोकळे, भुरभुरीत. अंगाला तेल चोपडणारी ग्रंथीही त्याला नाही, त्यामुळे पाऊस आला की तो चिंब भिजतो. मग पंखांचा उपयोग काय? पळताना वळण घ्यायला ते सुकाणूचे काम करतात. मादीपुढे नर बसून पंख हलवतो, तो नाच पाहण्यासारखा असतो. पिल्लांवर सावली धरायला पंख लागतात. आणि उन्हात पंख उचलून मांड्या उघड्या टाकल्या की अंगातली उष्णता बाहेर जाते. थंडी वाजली की त्याच मांड्या पंखांनी झाकायच्या. आपली शाल आणि पंखा दोन्ही त्याच्या अंगावरच.

आता पोटाची गोष्ट. शहामृगाला दात नाहीत. गवत, पाने, फुले, बिया, कधी टोळ आणि सरडे, हे त्याचे जेवण. ते दळायला तो खडे गिळतो. मोठ्या शहामृगाच्या पोटात किलोभर खडे सापडतात. म्हणजे जात्यातले धान्य बदलत राहते, जाते पोटातच. त्यामुळे शहामृग लोखंड खाऊन पचवतो अशा गोष्टी जुन्या काळी पसरल्या. चमकदार वस्तू दिसली तर तो गिळतो हे खरे, पण पचवत मात्र नाही, आणि पाळलेले काही पक्षी तारा-खिळे गिळून मेलेलेही आहेत. त्याला पित्ताशय नाही, इतर पुष्कळ पक्ष्यांसारखी गळ्याखाली अन्नाची पिशवीही नाही. लांबलचक आतड्यात गवतातला चोथा आंबवून त्यातून तो अन्नांश काढतो, गाय करते तसा. पाणी मिळाले तर पितो, नाही मिळाले तर हिरव्या पाल्यातल्या ओलाव्यावर पुष्कळ दिवस काढतो.

आणि डोळे. मंडळी, आपल्या गणरायाचे डोळे बारीक, सूक्ष्म निरीक्षणाचे, असे आपण दरवर्षी ऐकतो. शहामृगाचा डोळा पाच सेंटिमीटर व्यासाचा. जमिनीवर राहणाऱ्या सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत सर्वांत मोठा. हत्तीपेक्षाही मोठा. त्याच्या स्वतःच्या मेंदूपेक्षाही मोठा! इतक्या उंचीवर इतके मोठे डोळे म्हणजे उघड्या माळरानावरचा टेहळणीचा बुरूजच. झेब्रे आणि हरणे त्याच्या आसपास चरतात. त्यांना वास चांगला कळतो, याला लांबचे दिसते. कुणीही एक जण दचकला की सगळे सावध.

आता मला सांगा, ज्याला निसर्गाने असे डोळे आणि असे पाय दिले, तो संकट पाहून मान वाळूत कशाला खुपसेल? तसे करणारा शहामृग सिंहाच्या पहिल्याच फेरीत संपला असता. संकट दिसले की शहामृग पळतो. पळायला वाट नसेल तर लाथ मारतो. ती लाथ पुढच्या दिशेने बसते आणि त्या नखीने सिंहाचाही जीव जाऊ शकतो. मग ही मान खुपसण्याची गोष्ट आली कुठून?

ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन विद्वानाने निसर्गावर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की शहामृग मान झुडपात लपवतो आणि सगळे अंग लपले असे समजतो. लक्षात घ्या, प्लिनी वाळू म्हणत नाही, झुडूप म्हणतो. पुढे सांगणाऱ्यांनी झुडपाची वाळू केली. आणि मग दोन हजार वर्षे एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिले. शेवटी ते माझ्यापर्यंत आले, आणि मी ते भोपाळच्या सहावीच्या वर्गात सांगितले. साखळीतली मीही एक कडी.

पण धूर दिसतो तिथे थोडी तरी आग असते. शहामृगाची मान जमिनीला लागते, हे खरे आहे. ती केव्हा आणि कशासाठी लागते, हे त्याचे घरटे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आता त्याच्या संसाराकडे वळू.

शहामृगाचे घरटे झाडावर नसते, उघड्या जमिनीवर असते. नर पायांनी आणि छातीने माती उकरून एक उथळ खड्डा करतो. तीनेक मीटर रुंद. त्याच्या मुख्य जोडीदारिणीला आपण थोरली म्हणू. ती त्यात दिवसाआड एक याप्रमाणे अंडी घालते. पण गंमत अशी की आणखी दोन-चार माद्या येऊन त्याच खड्ड्यात अंडी घालून जातात, आणि पुन्हा वळून पाहत नाहीत. अंडी उबवण्याचे काम थोरली आणि नर या दोघांचेच.

एका अंड्याचे वजन साधारण दीड किलोपर्यंत, लांबी पंधरा सेंटिमीटर. कोंबडीची दोन डझन अंडी एका अंड्यात मावतील. कवच दोन मिलिमीटर जाड. सगळ्या पक्ष्यांत हे सर्वांत मोठे अंडे. पण शहामृगिणीच्या अंगाच्या मानाने पाहिले, तर सर्वांत लहान अंड्यांत त्याची गणना होते. अंगाच्या एका टक्क्याच्या आसपास! म्हणून तर तिला खूप अंडी घालणे परवडते.

दोन-चार जणींची मिळून अंडी तीस-चाळीस होतात. पोटाखाली मावतात वीस. मग उरलेल्यांचे काय? १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रायन बर्ट्रम या प्राणिशास्त्रज्ञाने केनियातील त्सावो अभयारण्यात याचा बारकाईने अभ्यास केला. त्याला असे दिसले की जागा पुरेनाशी झाली की थोरली काही अंडी चोचीने घरट्याच्या काठाबाहेर ढकलते, आणि ती जवळजवळ नेहमी दुसरीची असतात. आपल्याला ती सगळी एकसारखी दिसतात, पण थोरलीला आपले अंडे ओळखू येते. मग परकी अंडी ती घरट्यात येऊच का देते? कारण चोर आला तर काठावरचे आधी उचलतो. मधली, तिची स्वतःची, वाचण्याची शक्यता वाढते. दुसरीला आपल्या काही अंड्यांना फुकटची ऊब मिळते, थोरलीला कुंपण मिळते. भगिनींनो, हसू नका. भिशीचा हिशेब तुमच्याइतकाच शहामृगिणीलाही कळतो.

चोर मात्र पुष्कळ. कोल्हे आहेत, तरस आहेत, सिंह आहेत. त्यांतला सर्वांत हुशार चोर आपल्या ओळखीचा आहे. पांढरे गिधाड, जे आपल्याकडेही दिसते. त्याच्या चोचीने हे कवच फुटत नाही. मग तो चोचीत दगड धरतो आणि मान वर करून अंड्यावर आपटतो. पुन्हा उचलतो, पुन्हा आपटतो. जेन गुडाल आणि ह्यूगो व्हान लाविक यांनी आफ्रिकेत हे पाहून १९६६ साली जगासमोर मांडले. हत्यार वापरणारा पक्षी म्हणून त्याचे नाव तेव्हा गाजले.

अशा उघड्या माळावर सहा आठवडे अंडी सांभाळायची. कशी सांभाळतात? दिवसा मादी बसते, कारण तिचा राखी-तपकिरी रंग सुकलेल्या गवतात मिसळून जातो. संध्याकाळ झाली की नर येतो आणि रात्रभर बसतो, कारण काळा रंग अंधारात दिसत नाही. रंगाचा फरक लक्षात ठेवा म्हटले होते, ते यासाठी. रात्रपाळी बाबांची. इथे कारखान्यात पाळी केलेले जे आहेत, त्यांना हे लगेच पटेल.

आणि आता आपण त्या मानेपाशी आलो. घरट्यावर बसलेल्या शहामृगाला दूरवर शत्रू दिसला, तर तो लगेच उठून पळत नाही. पळाला तर अंडी उघडी पडतील. तो आपली लांब मान आणि डोके जमिनीवर सपाट पसरतो आणि निश्चल पडून राहतो. उन्हाने थरथरणाऱ्या माळावर मग दिसतो तो फक्त मातीचा एक ढिगारा. लांबून पाहणाऱ्याला मान दिसत नाही. शिवाय अंडी सारखी उबावीत म्हणून ती दिवसातून अनेकदा उलटवावी लागतात, तेव्हा खड्ड्यात डोके घालून तो चोचीने अंडी फिरवतो. चरतानाही डोके खाली असते. कुणा वाटसरूने हे लांबून पाहिले आणि म्हटले, बघा, मान वाळूत घातली!

डोळे मिटलेले नसतात, मंडळी. ते जमिनीला टेकून उघडेच असतात, आणि शत्रूवर रोखलेले असतात. आपण ज्याला भित्रेपणाचा नमुना म्हणून आजवर वापरले, ती खरे म्हणजे आईची आणि बापाची राखण आहे. पळण्यात पक्ष्यांत पहिला असलेला हा प्राणी मुलांसाठी पळायचे नाकारतो, तो हा क्षण. आणि नेमक्या याच क्षणाला आपण भेकडपणाचे नाव दिले.

हे वाचले त्या रात्री मला खरोखर वाईट वाटले. शहामृगाचे वाटले, त्याहून जास्त त्या मुलीचे. तिने बरोबर जागी बोट ठेवले होते. तिचा प्रश्न मी ऐकला असता, तर आम्ही दोघींनी मिळून शोधले असते.

असो. बेचाळीस दिवसांच्या आसपास पिल्ले बाहेर येतात. फुटण्याआधीच अंड्यातून त्यांचे आवाज येऊ लागतात. जन्मतःच कोंबडीएवढी, पाठीवर काट्यांसारखी ताठ पिसे, मानेवर ठिपके. पहिले काही महिने दर महिन्याला जवळजवळ फूटभर वाढतात. आईबाप दोघेही बरोबर हिंडतात. शत्रू जवळ आला तर मोठ्यांपैकी एक जण पंख मोडल्यासारखे नाटक करत, लंगडत, पडत त्याला भलत्याच दिशेला नेतो, तोवर दुसरा पिल्लांना घेऊन सटकतो. दोन कुटुंबे वाटेत भेटली तर मोठ्यांचे भांडण होते, आणि जिंकणारी जोडी दोन्हीकडची पिल्ले घेऊन निघते. असे करता करता एकेका जोडीमागे शंभराच्या वर पिल्ले दिसलेली आहेत. इतके करूनही मोठी होणारी थोडीच. जी वाचतात, ती तीस-चाळीस वर्षे जगतात.

माणसाने या पक्ष्याला कसे वागवले, तेही थोडे सांगितले पाहिजे. प्राचीन इजिप्तमध्ये सत्याची आणि न्यायाची देवता मात, तिच्या डोक्यावर शहामृगाचे पीस असे. मेलेल्या माणसाचे हृदय तराजूत घालून समोरच्या पारड्यात ते पीस ठेवतात, अशी त्यांची कल्पना होती. दक्षिण आफ्रिकेत डीपक्लूफ येथील खडकाच्या आश्रयाला सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीची, रेघांची नक्षी कोरलेली अंड्याची कवचे सापडली आहेत. तिकडचे सान लोक अगदी अलीकडेपर्यंत रिकाम्या अंड्यात पाणी भरून ठेवत. आपला माठ, त्यांचे अंडे.

मग एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर ही पिसे मिरवू लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या औट्सहूर्न या गावाभोवती शहामृगांचे मळे उभे राहिले. पिसे कापून घ्यायची, पक्षी जिवंत ठेवायचा, पुन्हा पिसे येतात. १९१३ साली त्या देशाच्या निर्यातीत सोने, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल पिसांचा नंबर होता. व्यापाऱ्यांनी महाल बांधले. १९१४ साली युद्ध आले, मोटारी आल्या, उघड्या मोटारीत ती भलीमोठी टोपी टिकेना, फॅशन बदलली आणि धंदा कोसळला. महाल अजून उभे आहेत. कातड्यासाठी आणि मांसासाठी शहामृग आजही तिथे पाळतात.

त्या मळ्यांमुळे निदान जात तरी टिकली. अरबस्तानातल्या शहामृगाचे नशीब तेवढेही नव्हते. सीरियापासून अरबस्तानापर्यंत हा पक्षी हजारो वर्षे हिंडत होता. घोड्यावरून त्याला गाठणे कठीण होते. बंदुका आणि मोटारगाड्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो संपला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हयातीत संपला. पुढे सौदी अरेबियाने त्याच्या जवळच्या नात्यातले आफ्रिकी शहामृग आणून तिथल्या एका राखीव क्षेत्रात सोडले. पण जो गेला तो गेला.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळे आफ्रिकेचे आणि अरबस्तानाचे झाले. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो इथून पंचेचाळीस किलोमीटरवर आहे.

आपण सगळे भीमबेटकाला गेलेलो आहोत. पाहुणे आले की नेतोच. ती गुंफाचित्रे जगासमोर आणली डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी. नीमचला जन्मलेला, उज्जैनला राहिलेला, आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस. १९५७ साली रेल्वेने जाताना खिडकीतून त्यांना त्या टेकड्या दिसल्या, आणि अशाच खडकांत आपण इतरत्र चित्रे पाहिली आहेत हे त्यांना आठवले. त्याच खिडकीतून हजारो लोक रोज पाहत होते. वाकणकर उतरून चालत गेले. २००३ साली ते ठिकाण जागतिक वारसा ठरले. त्या भीमबेटकाच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आहेत.

आणि महाराष्ट्रात? चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या परिसरात, पाटणे येथे एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञाने १९७० च्या दशकात उत्खनन केले. तिथेही असे मणी मिळाले, आणि कवचाचा एक तुकडा मिळाला ज्यावर माणसाने जाळीसारख्या रेघा कोरल्या आहेत. वय सुमारे पंचवीस हजार वर्षे. भारतात इतरत्रही कवचांवर अशा रेघा दिसल्या होत्या, पण बारकाईने तपासल्यावर त्या झाडांच्या मुळ्यांनी पडलेल्या खुणा निघाल्या. पाटण्याची नक्षी मात्र माणसाच्या हातची आहे. विचार करा, खानदेशात कुणीतरी बसून कवचाचा तुकडा घासून गोल करत होता, त्याला भोक पाडत होता, माळ ओवत होता. कुणाच्या तरी गळ्यासाठी.

राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र अशा चाळीसच्या आसपास ठिकाणी ही कवचे सापडली आहेत. २०१७ साली रुडकीची आयआयटी आणि हैदराबादची सीसीएमबी या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थान-मध्य प्रदेशातल्या कवचांतून डीएनए काढला, आणि ती आफ्रिकेतल्या शहामृगाच्या नात्यातल्या पक्ष्याचीच आहेत हे दाखवून दिले. २०२४ साली आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यात सुमारे एकेचाळीस हजार वर्षांपूर्वीचे आख्खे घरटेच मिळाल्याची बातमी आली. बडोद्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांचे ते काम.

म्हणजे मंडळी, आपण ज्याला परका समजतो, तो या मातीत आपल्या आधी नांदून गेलेला आहे. आपण इथे नोकरीनिमित्त आलो, दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी अजून कुणीतरी विचारतेच, "तुम्ही मूळचे कुठले?" विंध्याच्या पायथ्याशी आज ते मणी बोलू लागले, तर आपण सगळेच कालपरवाचे ठरू.

माझे बोलणे संपत आले. चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत, आरतीची वेळ झाली आहे. दोनच विनंत्या करते. पालकांना एक. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर "मला माहीत नाही, आपण शोधू या" एवढे म्हणा. मी ते म्हणू शकले नाही, त्याला आता कित्येक वर्षे झाली. ती मुलगी आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. भोपाळमध्येच असली, आणि तिच्या मुलांनी तिला काही विचारले, तर ती त्यांना खाली बसवत नसेल, एवढीच आशा.

दुसरी विनंती बालमित्रांना. दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांबरोबर भीमबेटकाला जाल, तेव्हा चित्रे पाहून झाली की त्या टेकडीवरून खालच्या माळाकडे पाहा, आणि तिथे काळ्या पिसांचा, पांढऱ्या टोकांचा एक उंच पक्षी मान वर करून उभा आहे असे मनात आणा. तो मान खाली घालताना दिसला, तर समजा की त्याच्या पोटाखाली अंडी आहेत.

आणि कुणी शिक्षकांनी वर्गात वाळूची गोष्ट सांगितली, तर हात वर करा आणि विचारा, तो श्वास कसा घेतो? बसवले खाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

 गणपती बाप्पा मोरया!